दोन रकान्यांचा करार

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या हायडा ग्वाय बेटांवर जाणाऱ्याने तिथलं जंगल पाहण्याआधी एक कागद वाचावा. ३० जानेवारी १९९३ रोजी तिथल्या मूलनिवासींचं हायडा राष्ट्र आणि कॅनडाचं सरकार यांनी या बेटांच्या दक्षिण भागासाठी, म्हणजे ग्वाय हानससाठी, एक करार केला. कराराच्या सुरुवातीलाच पानावर दोन रकाने आहेत. एका रकान्यात हायडांचं म्हणणं आहे: ही जमीन आणि भोवतीचा समुद्र पिढ्यान्‌पिढ्या आमचा आहे, इथे आमच्या प्रमुखांची आणि आमच्या परिषदेची सत्ता चालते. शेजारच्या रकान्यात कॅनडाचं म्हणणं आहे: ही जमीन राजसत्तेची आहे आणि इथे कॅनडाचे कायदे लागू आहेत. दोन्ही दावे एकमेकांना छेद देतात, आणि तरी दोन्ही पक्षांनी त्याच कागदावर सह्या केल्या. सातबारा कोणाच्या नावावर हा प्रश्न उघडा ठेवून त्यांनी पुढच्या कलमांत ठरवलं की या भूमीची राखण दोघांनी मिळून करायची.

मूलनिवासींशी समेट करायचा म्हणजे काय, या प्रश्नाला कॅनडात गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेक उत्तरं मिळाली. मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ कृतींची मागणी पुढे ठेवली. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सभांच्या आरंभी ‘ही भूमी अमुक लोकांची’ असं म्हणण्याची रीत पडली. या साऱ्याचं मोल कमी नाही. पण समेट म्हणजे शेवटी सगळ्यांचं एकमत होणं, अशी समजूत या साऱ्याच्या तळाशी असते, आणि मला ती चुकीची वाटते. समेटाची सुरुवात मतभेद दोन्ही बाजूंच्या शब्दांत जसाच्या तसा लिहून ठेवण्याने होते. ज्याचं म्हणणं शंभर वर्षं कोणी नोंदवलंच नाही, त्याला आधी रकाना हवा असतो, सहमती नंतरची. हायडा ग्वायचा प्रवास हा या विधानाचा पुरावा जागोजागी वाचत जाण्याचा प्रवास आहे.

मुख्य भूमीवरच्या प्रिन्स रूपर्ट बंदरातून फेरीबोट निघते आणि हेकाटी सामुद्रधुनी ओलांडून साधारण सात तासांत स्किडगेटला लागते. सामुद्रधुनी उथळ आहे, त्यामुळे वारा उठला की लाटा उंच आणि आखूड होतात. बोट रद्द होणं इथे नवं नाही. दीडशेहून अधिक बेटांच्या या समूहात आज साडेचार हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि त्यांतली जवळपास निम्मी हायडा आहेत. स्किडगेट आणि ओल्ड मॅसेट ही हायडांची दोन गावं. बाकी वस्त्या लाकूडतोड, मासेमारी आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेल्यांच्या. नकाशावर मात्र दोन्ही थर एकमेकांत मिसळलेले दिसतात. १७७४ मध्ये हुआन पेरेझचं स्पॅनिश जहाज इथे आलं. १७८७ मध्ये जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाने बेटांना स्वतःच्या जहाजाचं नाव दिलं, आणि पुढची सव्वादोनशे वर्षं ती क्वीन शार्लट बेटं म्हणून छापली गेली. जहाजं येत होती समुद्री पाणमांजराच्या कातड्यासाठी. तो प्राणी इथून नाहीसा झाला. १८६२ मध्ये देवीची साथ आली. व्हिक्टोरिया शहराबाहेर तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडच्या मूलनिवासींना तिथल्या पोलिसांनी हुसकावून लावलं आणि ते आपापल्या होड्यांतून रोग घेऊनच किनाऱ्याने घरी परतले. हजारोंनी असलेले हायडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहाशेच्या आत उरले. ओस पडलेल्या गावांतून जिवंत राहिलेली माणसं स्किडगेट आणि ओल्ड मॅसेट इथे गोळा झाली. आजची दोन गावं म्हणजे अनेक गावांचा शेष आहे, हे समजल्याशिवाय तिथला कुठलाही कोरीव खांब नीट वाचता येत नाही.

त्यातच कायदा आला. पॉटलॅच म्हणजे खांब उभारणं, नाव देणं, वारसा ठरवणं, मृतांचा निरोप घेणं अशा प्रसंगी साक्षीदारांना बोलावून त्यांना भेटी देण्याचा सोहळा. ज्या समाजात दस्त कागदावर नसून साक्षीदारांच्या स्मृतीत असतो, त्याचं हे नोंदणी कार्यालयच म्हणायचं. कॅनडाने १८८५ पासून १९५१ पर्यंत तो गुन्हा ठरवला. मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेलं, तिथे त्यांच्या तोंडून भाषा काढून घेतली. आज हायडा अस्खलित बोलणारे फार थोडे वृद्ध उरले आहेत. ओल्ड मॅसेटच्या चर्चसमोर एक खांब उभा आहे, तो या अंधारानंतरचा. रॉबर्ट डेव्हिडसन या तरुण शिल्पकाराने १९६९ च्या ऑगस्टमध्ये तो उभारला, तेव्हा त्या गावात जवळपास नव्वद वर्षांनी खांब उभा राहत होता. खांब कसा उभारायचा, त्या वेळी कोणती गाणी म्हणायची, हे वृद्धांनी एकमेकांना विचारून, आठवून, जुळवून काढलं. बाहेरच्यांशी बोलण्याआधी हायडांना एकमेकांशी बोलायला शिकावं लागलं, आणि पुढच्या साऱ्या वाटाघाटींचा पाया मला तिथे दिसतो.

दक्षिणेकडे ग्वाय हानसमध्ये रस्ता नाही. बोट, कयाक किंवा पाण्यावर उतरणारं छोटं विमान, एवढेच पर्याय. वाटेत लायल बेट लागतं. सत्तरच्या दशकापासून इथल्या जुन्या जंगलाच्या तोडीवर वाद होता. शेकडो वर्षांचे सीडर आणि स्प्रूस डोंगरउतारासकट उघडे पाडले जात होते, दरडी ओढ्यांत येत होत्या आणि सामन माशांच्या विणीच्या जागा गाळाने भरत होत्या. परवाने देणारं सरकार हायडांचा दावा ऐकायलाच तयार नव्हतं. १९८५ मध्ये हायडांनी आपल्या अधिकारात हा भाग संरक्षित जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लायल बेटावर लाकूडतोडीचा रस्ता अडवला. न्यायालयाचा मनाई हुकूम आला. सगळ्यात आधी अटक करून घेतली ती वृद्धांनी, सोहळ्याचे पोशाख अंगावर घालून. त्यांना नेण्यासाठी आलेल्या पोलिसांत एक हायडाही होता. एकूण ७२ जणांना अटक झाली. देशभर टीव्हीवर ती चित्रं गेली, आणि १९८७-८८ मध्ये केंद्र व ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारांनी तिथली तोड थांबवून राष्ट्रीय उद्यान करायचं ठरवलं. पण हायडांच्या दृष्टीने हेही अपुरंच होतं: झाडं वाचली, तरी उद्यानाची मालकी कोणाची? त्या प्रश्नावर आणखी पाच वर्षं बोलणी चालली आणि त्यातून दोन रकाने निघाले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. संवादाने काही झालं नाही, दबावाने झालं, असं कोणी म्हणेल. रस्ता अडवला नसता तर कॅनडा सरकार टेबलापाशी आलंच नसतं. हे खरं आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय मोकळ्या संवादाची स्तुती करणं अप्रामाणिक ठरेल. ज्याचं यंत्र चालू आहे त्याला थांबून ऐकण्याची गरज नसते. २००४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हायडांनीच नेलेल्या दाव्यात सांगितलं की जमिनीवरचा हक्क न्यायालयात सिद्ध होण्याची वाट न पाहता, तो हक्क असू शकतो हे ठाऊक असलेल्या सरकारने निर्णय घेण्याआधी मूलनिवासींशी सल्लामसलत केलीच पाहिजे. म्हणजे ऐकणं हा चांगुलपणाचा भाग न राहता कायद्याचं कर्तव्य झालं. पण आक्षेप घेणारे इथे एक पायरी गाळतात. रस्ता अडवल्याने फक्त तोड थांबते. समुद्रात कुठे जाळं टाकायचं, कोणत्या बेटावर किती माणसं उतरू द्यायची, हे ठरवायला उद्याही आणि परवाही त्याच माणसांबरोबर बसावं लागतं. दबावाने दार उघडलं. आत बसून काय करायचं, हे मात्र संवादालाच शिकावं लागलं.

ते शिकणं कसं चालतं, हे ग्वाय हानसच्या व्यवस्थापन मंडळात दिसतं. मंडळावर हायडा आणि कॅनडा सरकार यांचे प्रतिनिधी समसमान: आधी दोन-दोन, आणि २०१० मध्ये भोवतीचा सुमारे ३,४०० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षणाखाली आल्यावर तीन-तीन. निर्णय सहमतीने घ्यायचा. समुद्राबाबतचं आश्वासन १९८८ मधलं, पण ते प्रत्यक्षात यायला बावीस वर्षं लागली, हेही सांगायला हवं. ही पद्धत संथ आहे आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्याने ते लपवू नये. २०१८ च्या व्यवस्थापन आराखड्याला हायडा नाव आहे, आणि त्याचा अर्थ साधारण ‘सगळ्याविषयी बोलणं’ असा होतो. जमीन, समुद्र आणि माणसं यांचा विचार एकाच आराखड्यात केला आहे, आणि त्याची मांडणी हायडा नीतितत्त्वांवर आहे. त्यातलं पहिलं याह्गुदांग, म्हणजे सगळ्या जिवांविषयी आदर. सरकारी शास्त्रज्ञांनी मोजलेले मासे आणि कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले मासे एकाच टेबलावर मांडले जातात. आराखड्यानुसार समुद्राचा सुमारे ४० टक्के भाग काटेकोर संरक्षणात गेला. व्यावसायिक मच्छीमार त्यावर खूश नव्हते. त्यांचंही म्हणणं नोंदलं गेलं.

प्रवाशाला या व्यवस्थेचा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. ग्वाय हानसमध्ये शिरण्यापूर्वी माहितीचं सत्र सक्तीचं आहे. जुन्या गावांच्या जागी उन्हाळाभर हायडा राखणदार राहतात. ही प्रथा १९८१ मध्ये हायडांनी स्वखुशीने सुरू केली, कारण जुन्या जागांवरून वस्तू चोरीला जात होत्या. एका वेळी बाराहून अधिक पाहुणे किनाऱ्यावर येऊ शकत नाहीत. आधी रेडिओवरून परवानगी मागायची आणि होकार आला की उतरायचं. एवढ्या साध्या रिवाजात पाहुणा आणि यजमान कोण, हे ठरून जातं. शिंपल्यांच्या पांढऱ्या कडा असलेल्या वाटेने राखणदार पाहुण्यांना फिरवतात, आणि कुठे घर होतं, खांबावर कोणत्या कुळाची चिन्हं आहेत, काय सांगता येतं आणि काय सांगायचं नाही, हेही त्यांनीच ठरवायचं असतं.

यातलं सगळ्यात दक्षिणेकडचं गाव स्गांग ग्वाय. १९८१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. देवीच्या साथीनंतर तग धरलेली शेवटची माणसं १८८० नंतर काही वर्षांत तिथून निघून गेली. किनाऱ्याकडे तोंड करून सीडरचे राखाडी खांब उभे आहेत, काही कललेले, काही आडवे, काहींच्या माथ्यावर नवी झाडं उगवलेली. यातले अनेक मृतांसाठी उभारलेले, माथ्यावरच्या पेटीत अस्थी ठेवलेले खांब होते. १९५७ मध्ये काही खांब स्किडगेटच्या हायडांच्या संमतीने काढून ब्रिटिश कोलंबियातल्या संग्रहालयांत नेले गेले. त्या मोहिमेत बिल रीड हा हायडा शिल्पकारही होता. उरलेले तिथेच झिजत आहेत. जागतिक वारसा म्हटलं की रसायनं, छप्पर, आधाराचे लोखंडी खांब हे सगळं ओघाने येतं. हायडांची भूमिका वेगळी: खांब माणसासारखा असतो, त्याचं काम झालं की तो मातीत जातो आणि त्याच्यावर जंगल वाढतं. संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. झाडंझुडपं दूर ठेवायची, खांब एकदम कोसळू द्यायचा नाही, पण त्याचा शेवट अडवायचाही नाही, अशा मधल्या वाटेवर तिथलं काम चालतं. ते कोरलेले डोळे पाहताना मला हा निर्णय बरोबर वाटतो. ज्या वस्तू शंभर वर्षं जगभरच्या काचेच्या पेट्यांत गेल्या, त्यांच्यापैकी काहींना आपल्या जागी मरू देण्याचा हक्क तरी त्यांच्या वारसांकडे असावा.

वस्तूंबरोबर माणसंही गेली होती. मानववंशशास्त्राच्या नावाखाली हायडांच्या थडग्यांतल्या अस्थी उचलून अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या संग्रहालयांत ठेवल्या गेल्या. नव्वदच्या दशकापासून हायडांच्या समित्यांनी त्या शोधायला सुरुवात केली आणि आतापर्यंत चारशेहून अधिक पूर्वज घरी आणले. एकट्या शिकागोच्या फील्ड म्युझियममधून २००३ मध्ये सुमारे १६० आले. प्रत्येकासाठी वाफेवर वाकवलेल्या सीडरची पेटी आणि शिंपल्याच्या गुंड्या लावलेलं पांघरूण लागतं, आणि ती बनवायला शाळेतल्या मुलांनीही हात लावला. संग्रहालयातल्या माणसांशी हायडांनी आधी भांडण मांडलं नाही. ते गेले, आपल्या पूर्वजांशी बोलले, त्यांच्यासाठी गायले, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना तिथे हजर राहू दिलं. कागदोपत्री नमुना क्रमांक असलेली कवटी कोणाची तरी आजी होती, हे कळल्यावर तो क्रमांक पुन्हा उच्चारणं अवघड होतं. शिकणं म्हणतात ते बहुधा असंच घडतं, व्याख्यानापेक्षा हजेरीतून.

दुसरा आक्षेप लाकूडतोड कामगारांचा. जंगल वाचवताना त्यांची चूल विझली, आणि तेही या बेटांवरच राहणारे होते. सरकारने भरपाई दिली तरी नोकऱ्या गेल्या त्या गेल्या. २००९ नंतर उर्वरित बेटांवरची वार्षिक तोडही साधारण निम्म्यावर आली. यावर माझं उत्तर असं की बेटावरच्या बिगरहायडा लोकांनी स्वतःच पुढे ते उत्तर शोधलं. २००४ मध्ये पोर्ट क्लेमेंट्स आणि मॅसेट या मुख्यतः लाकूडतोडीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावांनी हायडा परिषदेशी सहकार्याचा करार केला, आणि २००५ मध्ये पुन्हा रस्ते अडवले गेले तेव्हा हायडांबरोबर अनेक शेजारीही उभे राहिले. झाडं तोडून लाकूड बाहेर पाठवणाऱ्या कंपन्या उद्या निघून जातील आणि आपण व हायडा इथेच राहू, हा हिशेब त्यांनी मांडला होता. आज हायडांच्याच मालकीची कंपनी जंगलात काम करते. तोड थांबलेली नाही. ती कोणासाठी आणि किती, हे ठरवणारे बदलले आहेत.

डिसेंबर २००९ मध्ये प्रांत सरकारबरोबर झालेल्या करारनाम्यातही मतभेद उघडपणे नोंदले गेले. त्याचं हायडा नाव ‘सुरुवात’ या अर्थाचं आहे. २०१० च्या जूनमध्ये बेटांना कायद्याने हायडा ग्वाय हे नाव परत मिळालं, आणि त्या समारंभात हायडांनी क्वीन शार्लट हे नाव सीडरच्या पेटीत घालून राजसत्तेला आदराने परत केलं. त्यात कोणाला खजील करण्याचा हेतू नव्हता. मग एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने संपूर्ण हायडा ग्वायच्या जमिनीवर हायडांचा मूळ हक्क मान्य केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही त्याच दिशेने करार केला. म्हणजे १९९३ मध्ये दोन रकान्यांत लिहिलेल्या वाक्यांपैकी एक वाक्य तीन दशकांनी मागे घेण्यात आलं. जे वाक्य लिहिलेलं असतं तेच बदलता येतं. तेव्हा मधला मोघम शब्द शोधला असता तर पुढे दोघांनीही तोच शब्द आपापल्या बाजूला ओढत ठेवला असता.

याच ठिकाणी नव्याने आलेल्यांचा प्रश्न येतो, आणि तो मराठी वाचकाच्याही घरापर्यंत पोचतो. व्हँकूवरच्या आसपास, सरेमध्ये किंवा टोरांटोत घर घेतलेली मराठी कुटुंबं विचारतात: आम्ही तर काल-परवा आलो, निवासी शाळा आम्ही चालवल्या नाहीत, मग हा हिशेब आमच्याकडून का? शिवाय भीतीही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने रिचमंड शहरातल्या काही जमिनीवर काउइचन लोकांचा मूळ हक्क मान्य केला. त्या जमिनीत खाजगी मालमत्ताही आहेत, आणि निकालाविरुद्ध अपिलं झाली तरी घरमालकांची झोप उडाली. ही भीती वंशद्वेष म्हणून झटकून टाकणं मला योग्य वाटत नाही; कर्ज काढून घर घेणाऱ्याची ती रास्त काळजी आहे. पण तिचं उत्तरही हायडा ग्वायमध्येच सापडतं. तिथल्या २०२४ च्या करारात खाजगी मालकी आणि गावांच्या नगरपालिका यांना धक्का लागणार नाही, असं हायडांनी स्वतः मान्य करून लिहून दिलं, आणि हायडा सदस्यांनी ९५ टक्के मतांनी करार मंजूर केला. न्यायालयात हक्क सिद्ध होतो तेव्हा शेजाऱ्याचं काय, हे न्यायाधीश ठरवतो. बोलणी होतात तेव्हा ते शेजारी मिळून ठरवतात. राहिला दोषाचा प्रश्न. १९९३ च्या करारात दोष कोणाच्याच माथी मारलेला नाही. त्यावर एक सही मात्र कॅनडाची आहे, आणि नागरिकत्व घेताना त्या देशाचे रस्ते, दवाखाने, पेन्शन घेतली जाते, तशी ती सहीही घ्यावी लागते.

हायडा ग्वाय ही अपवादात्मक जागा आहे, असं म्हणणाऱ्यांना मी अर्धं मान्य करतो. समुद्राने वेढलेली सीमा, दुसऱ्या कुठल्याही राष्ट्राचा त्याच जमिनीवर दावा नाही, जुना कुठलाही तह नाही, लोकसंख्या थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. मुख्य भूमीवर तीन-चार राष्ट्रांचे दावे एकाच खोऱ्यावर पडतात. तिथे दोन रकाने पुरणार नाहीत, चार लागतील. पण रकाने वाढतात म्हणून पान फाडायचं, हे कारण होत नाही.

लायल बेटाच्या पूर्वेला विंडी बे नावाच्या खाडीत, जिथे १९८५ मध्ये जंगल वाचलं त्या किनाऱ्यावर, १५ ऑगस्ट २०१३ रोजी एक खांब उभारला गेला. कराराला वीस वर्षं झाली होती, आणि ग्वाय हानसच्या भूमीत १३० हून अधिक वर्षांनी असा खांब उभा राहत होता. जालेन एडनशॉ यांनी तो कोरला. माथ्यावर गरुड, पायथ्याशी समुद्रतळाचा मासा, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत सारं एकच. मध्ये खांद्याला खांदा लावून उभी असलेली पाच माणसं आहेत, रस्ता अडवणाऱ्यांच्या स्मरणासाठी. आणखी एक आकृती भूकंपाची आहे; २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये इथे मोठा धक्का बसला होता, जवळच्या बेटावरचे उष्ण झरे आटले होते, आणि कोरीवकाम चालू असतानाच तो प्रसंग खांबात आला. शेकडो माणसांनी जाड दोर धरून खांब ओढला. त्यांत हायडा होते, शेजारच्या गावांतले लोक होते, आणि ज्या सरकारने २८ वर्षांपूर्वी याच बेटावर अटक होऊ दिली त्याचे गणवेशातले कर्मचारीही होते. दोर सगळ्यांनी एकाच बाजूला ओढला तर खांब पडतो. म्हणून काही दोर उलट दिशेने ताणून धरावे लागतात, आणि ते धरणाऱ्यांनाही तेवढंच बळ लावावं लागतं.